काचेतलं पाणी चकचकीत आहे, पण नायट्रेट किती?

"पाणी तर आरशासारखं स्वच्छ आहे, मग मासे का मरतात?" फिशटँकबद्दल या सदराला येणारे बरेचसे मेसेज याच वाक्याने सुरू होतात. सोबत फोटोही असतो. फोटोत पाणी खरंच स्वच्छ असतं, लाइट लावलेला असतो, मागे निळं पोस्टर असतं, आणि कोपऱ्यात एखादी मॉली पंख मिटून बसलेली असते.

फोटोवरून मला काहीच सांगता येत नाही. मासे ज्या गोष्टींमुळे आजारी पडतात, त्यातल्या बऱ्याच डोळ्यांना दिसत नाहीत. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाण्यात ते शून्य असो की दीडशे, पाणी तसंच चकचकीत दिसतं. म्हणून आजचा विषय एकच: नायट्रेट मोजायचं कसं, आणि मोजलेल्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवायचा.

आधी थोडक्यात, हे येतं कुठून. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांमध्ये राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांसाठी जालीम, त्यामुळे चालू टाकीत दोन्हींचा आकडा शून्यच हवा. नायट्रेट त्यामानाने सौम्य. पण साखळी तिथेच थांबते. साध्या टाकीत नायट्रेटला जायला जागाच नसते, ते साठत राहतं. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं समजा: रोज थोडं थोडं चढतं आणि महिनाअखेरीला आकडा बघून धक्का बसतो.

किती चालतं? यावर एकच ठाम रेषा नाही. सर्वसाधारण घरगुती टाकीत २० पीपीएमच्या आत असेल तर उत्तम, ४० पर्यंत चालवून घेतात, त्यापुढे काहीतरी करायला हवं, असा शौकीन मंडळींचा ढोबळ हिशेब आहे. पीपीएम म्हणजे एका लिटरमागे एक मिलिग्रॅम. कोळंबी, नुकती जन्मलेली पिल्लं, नाजूक टेट्रा यांना कमीच बरं. गोल्डफिश आणि ऑस्कर बरंच सोसतात, पण घाणही तेवढीच करतात.

पट्टी की थेंब?

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, पाण्यात बुडवायची पट्टी. दुसरा, थेंबांचं किट: छोट्या बाटल्या, काचेची नळी आणि रंगांचा तक्ता. पट्टी स्वस्त वाटते आणि सोपी असते. एका पट्टीत पाच-सहा गोष्टी कळतात. पण आपल्याकडच्या दमट हवेत पट्टीचं आयुष्य कठीण आहे. मुंबई, गोवा, कोची, कोलकाता इथे पावसाळ्यात डबी दोन मिनिटं उघडी राहिली तरी पट्ट्या ओल धरतात आणि मग मनाला येईल तो रंग दाखवतात. पट्टी घेतलीच तर कोरड्या हाताने काढा, झाकण लगेच लावा, आणि डबीवर जितके सेकंद लिहिलेत तितक्याच सेकंदांनी रंग बघा. चहा ओतून येईपर्यंत रंग पुढे सरकलेला असतो.

माझं मत विचाराल तर नायट्रेटसाठी थेंबांचं किट घ्या. सुरुवातीला महाग पडतं, पण एका किटमध्ये कितीतरी चाचण्या होतात. फक्त ते नीट वापरायला हवं, कारण किटमधल्या सगळ्या चाचण्यांत नायट्रेटचीच चाचणी सगळ्यात जास्त चुकते. चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते.

बाटली नंबर दोन

नायट्रेटच्या चाचणीत दोन बाटल्या असतात. आपल्याकडे बऱ्याच जणांकडे दिसणाऱ्या एपीआयच्या किटचं उदाहरण घेऊ. नळीत ५ मिली टाकीचं पाणी. पहिल्या बाटलीचे १० थेंब, नळी उलटसुलट करून मिसळायचं. मग दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवायची आणि तिचे १० थेंब टाकायचे. मग झाकण लावून नळी पूर्ण एक मिनिट हलवायची. मग ५ मिनिटं थांबायचं आणि रंग बघायचा.

ही "जोरात हलवा" सूचना लोकांना खोकल्याच्या औषधावरच्या सूचनेसारखी वाटते, म्हणून ती सोडून देतात. इथे तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. कारण नायट्रेट थेट रंग देतच नाही. आधी त्याचं नायट्राइट करावं लागतं, मग त्या नायट्राइटला रंग येतो. अशा किटमध्ये हे नायट्राइट करण्याचं काम साधारणपणे जस्ताची बारीक भुकटी करते. भुकटी द्रवात विरघळत नाही, बाटलीच्या तळाशी जाऊन घट्ट बसते. न हलवता थेंब टाकले तर नुसता द्रव येतो, भुकटी तळाशीच राहते. मग टाकीत ८० पीपीएम असलं तरी नळी पिवळी राहते आणि घरात आनंदीआनंद.

किट बरेच महिने पडून असेल तर दुसरी बाटली आधी टेबलावर आडवी उभी दोन-चारदा आपटा, तळाचा गोळा सुटू द्या, मग हलवा. ३० सेकंद मोबाइलवर लावा. मनातल्या मनात मोजले की तीसचे बारा होतात.

रंगाची ही युक्ती जुनी आहे बरं का. पेटर ग्रीस नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ इंग्लंडमधल्या एका बिअरच्या कारखान्यात नोकरी करायचा. नायट्राइट ओळखण्याची ही रंगाची रीत त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि ती एकोणिसाव्या शतकातली आहे. लघवीच्या तपासणीत पट्टीवर "नायट्राइट" नावाचा जो गुलाबी होणारा चौकोन असतो, तोही याच रीतीने चालतो. पॅथॉलॉजी लॅब आणि तुमचा फिशटँक यांचं असं नातं आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. चाचणी शेवटी नायट्राइटच बघत असेल, तर पाण्यात आधीपासून असलेलं नायट्राइटही "नायट्रेट" म्हणून मोजलं जाणार. टाकी नवी असताना, म्हणजे पहिल्या महिना-दीड महिन्यात, नायट्राइट असतंच. तेव्हा आलेला नायट्रेटचा आकडा फार मनावर घेऊ नका. आधी नायट्राइटची चाचणी करा. ती शून्य आली की मग नायट्रेटच्या आकड्याला अर्थ.

एक सूचना घरात लहान मुलं असतील त्यांच्यासाठी. या बाटल्यांमध्ये आम्ल असतं. मुलांना रंग बघू द्या, थेंब मोठ्यांनी टाका. चाचणी झालेलं पाणी टाकीत परत ओतायचं नाही, नळ सोडून बेसिनमध्ये घालवायचं.

लाल म्हणजे नेमका कोणता लाल?

आता रंग वाचायचा. पिवळा म्हणजे शून्य, मग केशरी, मग लाल. खाली ५, १०, २० हे ओळखता येतात. पण ४० आणि ८० शेजारी ठेवले तर माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखेच लाल दिसतात, आणि तुमच्याही दिसले तर दोष डोळ्यांचा नाही. पिवळ्या बल्बखाली तर सगळंच केशरी दिसतं. नळी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, तक्त्याच्या पांढऱ्या भागाला टेकवून बघा. लाल-हिरव्यातला फरक न कळणं हे पुरुषांमध्ये बायकांपेक्षा जास्त आढळतं, आणि कित्येकांना ते माहीतच नसतं. म्हणून घरातल्या दोघांनी एकमेकांना न सांगता आपापला आकडा कागदावर लिहायचा. हा खेळ मुलांना फार आवडतो.

लालच्या गोंधळावर एक साधा उपाय आहे: पाणी पातळ करा. एक भाग टाकीचं पाणी, तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, आणि त्या मिश्रणाची चाचणी. जो आकडा येईल त्याला ४ ने गुणा. मिश्रण २० दाखवत असेल तर टाकीत ८० आहे. १० दाखवत असेल तर ४०. केशरी रंगांतला फरक डोळ्यांना सहज कळतो, त्यामुळे हा आकडा जास्त भरवशाचा. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच. त्याचीही एकदा चाचणी करून ठेवा, शून्य यायला हवं. नाही आलं तर पाणी तरी बरोबर नाही किंवा किट तरी.

ज्यांना किटची खरी परीक्षा घ्यायची आहे त्यांच्यासाठी: खताच्या दुकानात "तेरा शून्य पंचेचाळीस" नावाने मिळतं ते पोटॅशियम नायट्रेट. ते १.६३ ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवलं की १००० पीपीएम नायट्रेटचं पाणी तयार होतं. त्यातलं २० मिली घेऊन पाणी घालून एक लिटर केलं की २० पीपीएम. तुमच्या किटने त्याला २० च्या आसपास म्हटलं पाहिजे. दागिने तोलायचा छोटा काटा लागेल. बाटलीवर ठळक नाव लिहा आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. सगळ्यांनी करायची गरज नाही, पण दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर सुट्टीतली दुपार मजेत जाते.

नळाखालीही एक नळी धरा

बडोद्याहून एका आजोबांचा मेसेज आला होता. निवृत्त आहेत, दोन फुटी टाकी आहे, दर रविवारी अर्धं पाणी न चुकता बदलतात, वहीत तारखा आहेत. तरी नायट्रेट ६० च्या खाली उतरतच नाही. नवे आणलेले गप्पी आठवड्याभरात जातात, जुने मात्र ठणठणीत. "ताई, मी अजून किती पाणी बदलू?"

त्यांना मी एकच विचारलं: जे पाणी नव्याने ओतता, त्याची चाचणी केलीत का? सोसायटीच्या बोअरचं पाणी होतं. त्यांनी पातळ करून मोजलं. आकडा आला पन्नासच्या आसपास.

इथे थोडं गणित करू, सोपं आहे. आठवड्याला तुमच्या टाकीत किती नायट्रेट वाढतं ते आधी काढा: रविवारी पाणी बदलल्यावर मोजा, पुढच्या रविवारी पाणी बदलण्याआधी मोजा, आणि वजा करा. आजोबांकडे वाढ १० ची. ते बदलतात निम्मं पाणी. काही आठवड्यांनी टाकी एका ठरावीक आकड्यावर स्थिर होते. तो आकडा म्हणजे वाढीला बदललेल्या हिश्शाने भागायचं आणि त्यात नळाच्या पाण्याचा आकडा मिळवायचा. १० भागिले अर्धा म्हणजे २०, अधिक ५०, म्हणजे ७०. पाणी बदलल्यावर ६०, आठवडाभरात परत ७०. अगदी रोज सगळं पाणी बदललं असतं तरी ५० च्या खाली जाणं शक्यच नव्हतं. बिचाऱ्यांचे रविवार फुकट जात होते.

त्याच टाकीत नायट्रेट ५ असलेलं पाणी वापरलं तर? २० अधिक ५, म्हणजे २५. पाणी बदलल्यावर १५. मेहनत तीच.

आजोबांच्या इमारतीत कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी तासभर येतं. त्याचा आकडा किटवर ५ च्या जवळ आला. आता ते दोन बादल्या भरून ठेवतात, अँटी-क्लोरीन घालतात आणि ते पाणी टाकीला वापरतात. सगळी टाकी एकदम रिकामी मात्र करू नका, असं त्यांना मुद्दाम सांगितलं. खूप दिवस साठलेल्या टाकीत पीएच हळूहळू उतरलेला असतो. कमी पीएचला अमोनिया अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात पडून असतो. एकदम ताजं पाणी ओतलं की पीएच चढतो आणि त्याच अमोनियाचं विष होतं. शिवाय जुने मासे त्या पाण्याला सवकाश सरावलेले असतात. नवे मासे दुकानातल्या पाण्यातून थेट त्यात पडतात, म्हणून आधी तेच जातात. मोठा आकडा आला असेल तर दोन-तीन दिवसांआड पाव पाव टाकी बदलत दोन आठवड्यांत खाली आणा.

टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर त्या थोडं नायट्रेट खातात. मनी प्लांटची मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी सोडली तरी उपयोग होतो. पण ७० चे २० करणं एका वेलीला झेपत नाही.

आणखी एक. सोसायटीत मार्च-एप्रिलपासून टँकर सुरू होतात. बंगळूर, हैदराबाद, पुणे, सगळीकडे तेच. टँकर कुठल्या बोअरचा हे कुणी सांगत नाही. नळाचा आकडा हिवाळ्यात ५ होता म्हणून उन्हाळ्यातही तोच असेल असं धरू नका. पाण्याची सोय बदलली की नळाखाली परत एकदा नळी धरायची.

मेसेजमधली शेवटची ओळ

आजोबांचा आकडा आला त्या मेसेजच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलं होतं: "नात चार महिन्यांची आहे, वरचं दूध चालू आहे. पावडरच्या दुधाला हेच बोअरचं पाणी घेतो, पण वीस मिनिटं उकळून."

माशांपेक्षा ही ओळ महत्त्वाची होती. भारतात पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि आकडा चढतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होऊन रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. बाळाचे ओठ, नखं, त्वचा निळसर दिसू लागते. विहिरीचं पाणी आणि बाळांचा हा निळेपणा यांचा संबंध अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका डॉक्टरने १९४५ मध्ये मांडला होता.

आणि हे फक्त बडोद्याच्या एका सोसायटीपुरतं नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांमध्ये कुठे ना कुठे भूजलात मर्यादेपेक्षा जास्त नायट्रेट नोंदलेलं आहे. शेतातलं खत, गळके सेप्टिक टँक, गुरांचं शेण-मूत जमिनीत मुरून तिथे पोचतं.

माशांचं किट हे पिण्याच्या पाण्याचं प्रमाणपत्र नव्हे. ते ४० आणि ५० मधला फरक सांगू शकत नाही, आणि बाळासाठी नेमका तोच फरक हवा असतो. त्याचं काम एवढंच की लॅबकडे जा असं ते सांगतं. म्हणून आजोबांना दोन गोष्टी सुचवल्या. रिपोर्टची वाट न बघता आजपासून दुधाला कॉर्पोरेशनचं पाणी उकळून घ्या आणि बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि बोअरचं पाणी तपासायला द्या. जिल्ह्याच्या पातळीवर सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळा असतात, खासगीही असतात. बाटली त्यांच्याकडूनच घ्या आणि पाणी भरल्यावर लवकर पोचवा.

पाच दिवसांनी रिपोर्टचा फोटो आला. आजोबा खुशीत होते. "१२ आलं ताई! ४५ च्या कितीतरी खाली."

फोटो मोठा करून बघितला. १२ च्या आधी लिहिलं होतं, "नायट्रेट, नायट्रोजन म्हणून". नायट्रेट मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकात अख्खं नायट्रेट मोजतात, दुसऱ्यात त्यातलं फक्त नायट्रोजन. दुसऱ्यावरून पहिलं काढायला ४.४३ ने गुणावं लागतं. १२ गुणिले ४.४३ म्हणजे ५३. आपली ४५ ची मर्यादा अख्ख्या नायट्रेटची आहे. म्हणजे पाणी मर्यादेच्या वरच होतं आणि माशांच्या किटने दाखवलेला पन्नासच्या आसपासचा आकडा बरोबर होता. परदेशी किटमध्येही कधी कधी नायट्रोजनचा आकडा असतो, तेव्हा तक्त्यावरची बारीक अक्षरं आधी वाचा.

आजोबांनी तो रिपोर्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, शेजारी ५३ हा आकडा पेनने लिहून. त्या इमारतीत दोन वर्षांच्या आतली आणखी तीन बाळं आहेत. बोअरच्या टाकीवर "पिण्यासाठी नाही" अशी पाटी लागली आहे, आणि घरोघरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये आरओ आहे की नुसता यूव्ही, याची यादी सुरू आहे. यूव्हीने नायट्रेट कमी होत नाही. आरओने बरंच होतं, पण मेंब्रेन जुनं झालं की कमी कमी होत जातं. त्यामुळे आरओतून आलेल्या पाण्याचीही चाचणी करायची, असं त्यांचं ठरलंय. पहिला अंदाज घ्यायला किट आजोबांचंच आहे, आणि दुसरी बाटली तीस सेकंद हलवायचं काम पाचव्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलाकडे दिलंय.